लाल दोऱ्याची बाटली

बायको गेली त्या दिवशी सकाळी आम्ही दोघं पळी घेऊन कुत्रीच्या मागं फिरत होतो. आम्ही मिळून केलेलं शेवटचं काम तेच. लोक सांगतात, शेवटी जोडीनं देवदर्शन झालं, शेवटी लेकीकडं जाऊन आलो. मला कोणी विचारलं तर मी खरं सांगतो, कुत्रीचं मूत धरत होतो. विचारणाऱ्याचं तोंड वाकडं होतं. होऊ दे.

दोरी माझ्या हातात होती आणि वरणाची लांब दांड्याची पळी तिच्या हातात. कुत्री आपल्याकडची गावठी नव्हती. शित्झू म्हणतात त्या जातीची, मांजराएवढी, केस जमिनीपर्यंत आणि नाक असं चपटं की कोणी तोंडावर पाट मारला असावा. पहिल्यांदा घरात आली तेव्हा मी म्हटलं होतं, लेकानं फरशी पुसायचा पोछा पाठवला. एवढ्या केसांत ती उभी आहे की बसली आहे तेच कळत नाही, तर मुतते कधी हे काय कळणार. बायको गुडघे धरून वाकायची, पळी मागून सरकवायची, आणि थंड पळी लागली की कुत्री टुणकन पुढं. असं सगळं अंगण झालं. शेजारीण कुंपणावरून पाहत होती. तिला वाटलं असेल, बुढा-बुढीला ऊन लागलं.

"अवो, दोरी ढिली सोडा ना," बायको म्हणाली. "तुमी असे डोळे वटारून पाहून राह्यले, तिले लाज वाटते."

"माझी कायची लाज? मी का तिचा सासरा होय?"

ती हसली. हसू आल्यावर तिला वाकता येईना, कंबर धरून उभीच राहिली. मग तिनं लहान लेकराला पायावर बसवून करतात तसा तोंडानं आवाज काढला. सूऽऽ, सूऽऽ, अगदी हळू. आमच्या दोन्ही लेकरांना तिनं असंच बसवलं होतं. कुत्रीनं मान वळवून तिच्याकडं पाहिलं, मेंदीच्या झाडाखाली गेली आणि बसली. पळी अर्धी भरली. बायकोनं ती उजेडात धरून पाहिली आणि वर नाकाशी नेऊन वास घेतला. मी तोंड फिरवलं. राईस मिलमध्ये हमाली करून जन्मभर कोंड्याची धूळ खाल्ली मी, पण असल्या गोष्टी मला पाहवत नाहीत.

"पाहा," ती म्हणाली. "वासच नाई. रंगबी नाई. निरं पानी. हे काई बरं नाई."

उकळत्या पाण्यातून काढलेली काचेची बाटली तिनं तयार ठेवली होती. तिच्यात ते ओतलं, बूच लावलं, आणि बाटलीच्या मानेला देवघरातला लाल दोरा बांधला. कोणी औषध समजून पिऊ नये म्हणून. फ्रीजच्या दारात ठेवली. बस येईपर्यंत थंड राहू दे म्हणाली. पळी बाहेर मोरीच्या वरच्या कोनाड्यात टाकली आणि मला बजावलं, "हे आता घरात आनू नोका." हात धुतले. पायरीवर बसली आणि पाणी मागितलं. मी पेला घेऊन आलो तर ती भिंतीला टेकली होती, डोळे उघडे. शेजारच्याच्या ऑटोत घातलं आणि तालुक्याच्या गावी, मूलला निघालो. मूलच्या अलीकडं राईस मिल लागतात, तिथपर्यंतसुद्धा ती पोचली नाही.

आता हे मूत धरण्याचं खूळ कुठून आलं ते सांगतो.

माझा लेक घुग्घुसला सिमेंटच्या कारखान्यात ठेकेदाराकडं आहे. घराच्या मागं त्यानं पत्र्याचं शेड घातलं आणि असली कुत्री पाळायला लागला. एक नर, बाकी माद्या. पिल्लं झाली की कंपनीच्या कॉलनीत विकायची. त्याच्या घराचं बरंचसं त्यावर चालतं, ते मी नाकारत नाही. एका वेताच्या दोन माद्या त्यानं घरात दिल्या. एक राजुऱ्याला बहिणीच्या पोरीला, म्हणजे माझ्या नातीला. दुसरी आमच्याकडं, माय दिवसभर एकटी असते म्हणून.

राजुऱ्याचं पिल्लू वाढलंच नाही. जेवढं आलं तेवढंच राहिलं. पाणी प्यायचं आणि घरभर मुतायचं. जावई त्याला चपलेनं मारायचा. मग खाणं सुटलं, ओकाऱ्या सुरू झाल्या. आम्ही भेटायला गेलो तेव्हा नात त्याला टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेऊन बसली होती. मी खाली वाकलो आणि त्याच्या तोंडाचा वास आला. गुरांचा गोठा झाडायचा राहून जातो आणि वर पाऊस पडतो, तसा वास. एवढ्याशा तोंडातून. मी उठून बाहेर गेलो. वर्षाचं व्हायच्या आत ते मेलं.

चंद्रपूरच्या डॉक्टरनं त्याच्या पोटाचा फोटो काढला होता. त्यानं लेकीला सांगितलं की किडन्या मायच्या पोटातच नीट तयार झालेल्या नव्हत्या. हे मायबापाकडून येतं, कोणी काही खाऊ घातल्यानं होत नाही. याची भावंडं ज्यांच्याकडं असतील त्यांना सांगा, पिल्लं घ्यायच्या आधी तपासून घ्या. लेकीनं मायला फोनवर हे सगळं सांगितलं. मग नातीनं फोन घेतला आणि विचारलं, "आजी, तुयी पन मरन का?"

ते बायकोच्या डोक्यात बसलं. आमची कुत्री तर चांगली दिसत होती. खात होती, पोरांच्या मागं धावत होती. पण बायको तिच्यावर नजर ठेवायला लागली. तिच्या ध्यानात आलं की ही माठाखालच्या थाळीतलं पाणी पिते, कोंबड्यांचं पिते, मोरीतलंही सोडत नाही. ज्याला सांगावं तो म्हणायचा, चैत्र आहे बाई, आपल्याकडच्या उन्हात कावळा चोच उघडी टाकून बसतो, कुत्री पाणी नाही पिणार तर काय करणार. लेकही तेच म्हणाला. मीही तेच म्हणालो.

मग ती मला घेऊन घुग्घुसला गेली. नर पाहायचा म्हणाली. मी आयुष्यात घाण कमी पाहिली नाही, पण त्या शेडात शिरल्यावर मी नाकाला पंचा लावला. वर तापलेला पत्रा, खाली पोती, पोत्यांवर मुताचे थरावर थर वाळलेले. मुळातली पांढरी जनावरं कोळशाच्या धुळीनं काळी पडली होती. मागच्या केसांत गू वाळून गोळे लोंबत होते. डोळ्यांत पू आणि पुवावर माशा. एक मादी अंग टाकून पडली होती, सड जमिनीला लागलेले. कोपऱ्यात कूलर होता, तो नरासाठी. दुसऱ्या मादीच्या तोंडाला चिंधी बांधून लेकानं तिला दोन्ही हातांनी दाबून धरलं आणि नर तिच्यावर सोडला. आमच्यासमोर. जसं काही जातं खुंट्यावर बसवत होता. माझी सून दारात खराटा घेऊन उभी होती, खाली पाहत. त्याच लेकाच्या फोनवर याच घरातल्या पिल्लांचे फोटो होते, शाम्पूनं धुतलेली, लाल मखमलीवर बसवलेली, डोक्याला फीत. ते पाहून मला शेडापेक्षा जास्त किळस आली.

बायको हँडपंपाजवळ जाऊन बसली. चहा घेतला नाही. परत येताना बसमध्ये म्हणाली, "त्या नराले पाह्यलं का? बादलीतून तोंड काढून नाई राह्यला." आणि लेकाला तिनं निघतानाच सांगितलं होतं की माझ्याकडची पोट्टी तपासल्याबिगर मी इथं धाडणार नाही. तो बरं म्हणाला. त्याला वाटलं, म्हातारी कुठं तपासणी करणार.

म्हातारी मूलच्या जनावरांच्या दवाखान्यात गेली. तिथं डॉक्टरीण बाई आहेत, दिवसभर गाई-शेळ्यांत हात घालणाऱ्या. त्यांनी टेबलावर कुत्री पाहून आधी हसून घेतलं आणि मग नीट समजावलं. बाहेरून आजार दिसायला लागतो तोपर्यंत किडनी बरीच गेलेली असते, म्हणून दिसायच्या आधीच शोधायचं. सकाळचं पहिलं मूत आणा, रात्रीपासून तुंबलेलं. ते पाण्यासारखं पातळ निघालं आणि त्यात अंगातलं सत्त्व वाहून जाताना दिसलं, तर रक्त पाहू, मग चंद्रपूरला पोटाचा फोटो. धरल्यावर लवकर आणा, शिळं चालत नाही. आणि माजावर यायच्या आधी आणा, नाहीतर रक्त मिसळतं आणि रिपोर्ट खोटं बोलतो. कुत्रीचा माज दोन-तीन आठवड्यांवर आला होता. म्हणून ती पळी, म्हणून ती सकाळ.

तपासणीत काय निघालं ते मी आत्ताच सांगून टाकतो. लोकांना टांगून ठेवणं मला आवडत नाही. बायकोला वाटत होतं तेच निघालं. एक किडनी लहान, मुतातून सत्त्व चाललेलं, पण सुरुवात आहे. खाणं बदललं आहे. किती दिवस काढेल ते डॉक्टरीण बाई सांगत नाहीत, मीही विचारत नाही. पण ही तपासणी बायकोनं धरलेल्या मुताची नव्हे. त्याचं काय झालं तेच सांगायचं आहे.

ती गेल्यावर घर सुतकात बसलं. आमच्याकडं जीव गेला त्या जागी दहा दिवस दिवा ठेवतात आणि बाजूला पाण्याचा पेला, गेलेल्याला तहान लागते म्हणून. तिचा जीव वाटेतच गेला, म्हणून ती शेवटची बसली होती त्या पायरीच्या आतल्या बाजूला दिवा होता. कुत्री तिथंच पडून राहायची आणि तो पेला पिऊन टाकायची. भरला की पिऊन टाकायची. माझा मोठा साळा, बायकोचा भाऊ, सोवळ्याचा माणूस. सिंदेवाहीहून आला होता आणि घरातलं सगळं हातात घेतलं होतं. त्यानं कुत्रीला लाथ घातली. मेलेल्या माणसाचं पाणी कुत्रं पितं, आत्मा तहानलेला राहील म्हणाला. मी पेला पुन्हा भरून ठेवला. तिच्यासाठी ठेवलेलं पाणी तिच्या कुत्रीनं प्यालं, मला त्यात वावगं काही दिसलं नाही. मला आत्म्याचं कळत नाही. कुत्रीला तहान होती हे दिसत होतं.

मी चटईवर बसायचो आणि लोक यायचे. रडायचे थोडं. मग नजर कुत्रीकडं जायची. ही कोणत्या जातीची, पिल्लू कितीला जातं, एकटीच आहे का जोडी. एकानं मला माझ्या बायकोच्या दिव्यासमोर बसून सांगितलं की भाऊ, पिल्लं झाली की एक आमच्यासाठी सांगून ठेवा, जावयाला द्यायचं आहे. एका पोरीनं कुत्रीला मांडीवर घेऊन फोटो काढला, मागं दिवा येईल असा. तोंडात थुंकी गोळा व्हायची ती गिळायचो.

बाटली फ्रीजमध्येच होती. पहिल्या दिवशी तर कोणाला कशाची आठवण नव्हती. नंतर मी शेजाऱ्याच्या फोनवरून डॉक्टरीण बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "बाबा, ते ओतून द्या. आता त्याचा उपयोग नाही. सवडीनं नवीन आणा, पण ती माजावर यायच्या आत." मी फ्रीज उघडला, बाटली हातात घेतली आणि परत ठेवली. ओतायला हात जाईना. आता मलाच विचित्र वाटतं सांगताना. तिचं लुगडं होतं, तिचा चष्मा होता, कुंकवाची डबी होती. ते सगळं साळ्यानं गाठोड्यात बांधून टाकलं तरी मी हूं की चूं केलं नाही, आणि कुत्रीच्या मुताची बाटली मला सोडवेना. रोज फ्रीज उघडून पाहायचो. बाजूला कोणी दही ठेवलं, कोणी साय. लाल दोऱ्याला कोणी हात लावला नाही.

दहाव्याला आम्ही नदीवर गेलो. डोकी केली, पिंड ठेवला, आंघोळ करून ओल्या पंच्यानं परत आलो. दाराशी आलो तर आत शुद्धी चालली होती. साळा पुढं, हातात आंब्याची डहाळी. वाटीत बुडवायचा आणि शिंपडायचा. भिंतींवर, चुलीवर, धान्याच्या कणगीवर, देवघरात. बायका पदर पुढं करून डोक्यावर घेत होत्या. आम्ही आत येताच त्यानं आमच्यावर शिंपडलं. माझ्या ताज्या केलेल्या डोक्यावर थंड थेंब पडले.

मग मी देवघराच्या पाटावर पाहिलं. बाटली तिथं होती. बूच काढलेलं, लाल दोरा मानेला तसाच. रिकामी.

गोमूत्र कुठं आहे, असं साळ्यानं विचारलं असेल आणि कोणीतरी फ्रीज उघडला असेल. बाटलीला देवाचा दोरा. दुसरं काय समजणार? मला हे सगळं एका क्षणात कळलं. साळ्यानं वाटीत उरलेलं हातावर घेतलं, डोळे मिटले आणि ओठांना लावलं. मग माझ्याकडं वळून म्हणाला, "जवाईबापू, बहीन माझी मोठं शुद्ध ठेवून गेली पाहा. वासबी नाई याले."

मी बाजूला पाहिलं. आमच्या घरात असं काही झालं की मी आधी तिच्याकडं पाहायचो. ती पदर तोंडात कोंबून भिंतीकडं वळायची आणि तिचे खांदे हलायचे, आणि मग मला माझं हसू आवरावं लागायचं. मी वळलो आणि तिथं चुलतसून उभी होती, चेहरा ओला, हात जोडलेले. मला हसू आलं नाही. मी पंचा झटकला आणि ओट्यावर जाऊन बसलो.

जेवणं झाली. गाव गेलं. ओट्यावर साळा आडवा झाला होता, लेक खांबाला टेकून फोन पाहत होता, सून उष्टी आवरत होती. कुत्री माझ्या पायाशी. लेकानं तिचं शेपूट उचलून पाहिलं, माझ्यासमोर, आणि मान हलवली.

"बा, उद्या सकाळी हिले घेऊन जातो. फुगली हाय, आज-उद्या लागन. हा मोका गेला तं मंग सहा महिने थांबा लागते."

"मायची अट काय होती?" मी म्हटलं.

"तपासनीची? थे तं मायसंग गेली बा."

तो काही वाईट मनानं बोलला नाही. सरणाजवळ तोच सगळ्यात जास्त रडला होता. पण त्याचं बोट अजून कुत्रीच्या केसांत होतं, जसं बाजारात बकरी चाचपतात तसं, आणि दहा दिवस गिळलेलं माझ्या तोंडून बाहेर पडलं.

"गेली नाई," मी म्हटलं. "तुमच्या अंगावर हाय."

त्याला कळलं नाही. मी सांगितलं. ती बाटली गोमूत्राची नव्हती. हिचं मूत होतं ते, तुझ्या मायनं मरायच्या दिवशी पळीनं धरलेलं, तपासायला न्यायचं होतं. तुझ्या मामानं ते घरभर शिंपडलं.

साळा आधी उठून बसला. मग त्यानं हाताच्या पंजाकडं पाहिलं, ज्याच्यातून ओठांना लावलं होतं. मग तो मोरीकडं गेला आणि त्याच्या ओकण्याचा आवाज आम्ही सगळे ऐकत बसलो. दहाव्याचं जेवण सगळं गेलं. मला दया आली नाही, खरं सांगतो. सुनेनं हातातलं भांडं खाली ठेवलं, तोंडाला पदर लावला आणि भिंतीकडं वळली. तिचे खांदे हलत होते. मला आधी वाटलं रडते. मग पदरातून आवाज फुटला आणि कळलं.

लेक चिडला. "तुमी पाहून राह्यले होते अन् बोल्ले नाई?"

"मले कोनी इचारलं?"

"अन् आता? सारं घर बाटवलं, त्याचं काय?"

"तुया शेडापेक्षा चांगलं हाय हे घर," मी म्हटलं. "तिथं तं तू रोज शिंपडून राह्यला. सुनेले इचार, झाडते कोन थे."

सून हसायची थांबली. लेकानं तिच्याकडं पाहिलं, पण तिनं मान वर केली नाही.

साळा तोंड धुऊन आला, डोळे लाल. त्यानं निवाडा दिला. शुद्धी झालीच नाही. सुतक फिटलं नाही. खरं गोमूत्र आणून सगळं पहिल्यापासून करावं लागेल, आणि तेरवी होईपर्यंत कोणी उंबरठा ओलांडून गावाबाहेर जायचं नाही. मी तर मुळीच नाही. माझ्याकडं बोट करून म्हणाला, "तुमचं डोकं ठिकानावर नाई, तुमी तं काईच करू नोका आता."

"मंग पोरगा उद्या घुग्घुसले कसा जाईन?" मी विचारलं.

लेक म्हणाला, नोकरीचं वेगळं असते, ड्यूटी चुकवता येत नाई, जाता जाता कुत्री घेऊन जाईन, संध्याकाळी परत येईन. साळ्यानं मान डोलावली. तेव्हा मला कळलं की उंबरठा माझ्यासाठीच आहे. त्या दोघांचीही मला सारखीच शिसारी आली, एक सोवळं नेसून आणि एक फोन घेऊन. मी कुत्रीची दोरी हाताला गुंडाळली आणि तिथंच ओट्यावर आडवा झालो.

सकाळी सगळे झोपले असताना उठलो. मोरीच्या वरच्या कोनाड्यातून पळी काढली. धुळीनं भरली होती, कोळ्यानं जाळं केलं होतं. माठाच्या पाण्यानं घासून धुतली. माठाखालची थाळी आणि कोंबड्यांचं भांडं आधी पालथं केलं, कुत्रीनं पिऊ नये म्हणून. मग तिला अंगणात घेतलं, डाव्या हातात दोरी, उजव्या हातात पळी. दोन माणसांचं काम एकट्यानं करायला गेलं की कसं होतं, तसं झालं. मी वाकलो की ती पुढं, मी पुढं गेलो की दोरी माझ्याच पायात. ती दाराकडं पाहत होती. आतून कोणी येणार असल्यासारखी.

मी दोरी ढिली सोडली. तोंडानं आवाज काढायला गेलो तर निघेना. माझे पुढचे दात नाहीत, नुसती हवा जाते. पुन्हा केला. सूऽऽ. अंगणात म्हातारा माणूस उकिडवा बसून कुत्रीच्या मागं तोंड करून तो आवाज काढतो आहे, हे कोणी पाहिलं असतं तर साळ्याचं बोलणं खरं ठरलं असतं. पुन्हा केला. कुत्रीनं मान वळवून माझ्याकडं पाहिलं. मग मेंदीच्या झाडाखाली गेली आणि बसली. मी पळी सरकवली आणि हात हलू दिला नाही.

वर उचलली. रक्त नव्हतं. उजेडात धरली, आणि नाकाशी नेऊन वास घेतला.

मागं सून उभी होती. हातात काचेची बाटली, फडक्यात धरलेली, वाफ निघत होती अजून. कधी उठली, कधी पाणी उकळलं, मला कळलं नाही. मी बाटली निवू दिली, ओतलं, बूच लावलं.

"मामाजी, दोरा बांधू का?" तिनं विचारलं.

"नोको बाप्पा," मी म्हटलं.

ती हसली नाही. आत लेकाच्या खोलीकडं पाहून म्हणाली, "मी सांगन, मीच धाडलं म्हनून." मग बाजाराची पिशवी आणून दिली. कुत्रीला पिशवीत बसवलं, नुसतं डोकं बाहेर. बाटली सदऱ्याच्या खिशात. उंबरठ्याशी दिवा विझलेला होता आणि पेला रिकामा. तो मी भरून ठेवला, बाहेर निघालो आणि मूलची पहिली बस धरली.